मातीतून आलेल्या गोगलगायी

गोगलगाय सावकाश चालते, हे मी शाळेत कित्येक वर्षं शिकवत आले. आता तो धडा आला की मी ते वाक्य न वाचता पुढे जाते. सावकाश चालणारा प्राणी जर थांबतच नसेल, तर त्याच्या सावकाशीचा आपल्याला काडीचा उपयोग नसतो. हे पुस्तकात लिहिलेलं नाही. ते मला आमच्या परसात कळलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आमचं घर तोंडवलीच्या किनाऱ्यापासून थोडं आत, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे. घरात आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी. नवरा गेला त्याला आता अडीच वर्षं होऊन गेली. त्याच्या शेवटच्या पावसात, दुखणं अंगात मुरलेलं असताना, त्याने हट्टाने परसातल्या प्रत्येक माडाच्या बुंध्याशी एकेक मिरवेल लावली. मी चिडले होते. म्हटलं, तुला उभं राहवत नाही आणि ही कसली हौस? तो म्हणाला, ‘‘तीन पावसांनी मिरी धरतली. तेवा बोल.’’ आणि मग तो त्या मार्गशीर्षात गेला. बोलायचं मला राहूनच गेलं.

सासूबाईंनी त्या वेली वाढवल्या. उन्हाळ्यात तांब्या तांब्याने पाणी घातलं, झावळ्यांची सावली केली. कधी कधी त्या वेलींशी ‘माज्या झिला’, माझ्या मुला, म्हणत बोलायच्या. मी विज्ञानाची बाई. मला ते ऐकवत नसे. मी भांडी जरा जोरात आपटायची, म्हणजे ऐकू यायचं नाही. त्यांची इच्छा एवढीच होती, की पहिली हिरवी मिरी मुलाच्या म्हाळाच्या दिवशी सारात पडावी. पितृपक्षात त्याच्या नावाने जे पान वाढतात त्यात त्याच्याच हातच्या वेलीची मिरी. एवढं झालं की माका काय्येक नको, असं त्या म्हणायच्या.

मागल्या वर्षी चतुर्थीला आम्ही पुन्हा गणपती आणला. आदल्या वर्षी सुतकामुळे आणला नव्हता. विसर्जन आमच्या व्हाळात होतं. शेजारच्या भाऊजींनी मूर्ती डोक्यावरून नेली, पण परतताना पाटावर विसर्जनाच्या जागची माती आणायची असते, ती सासूबाईंनी स्वतः काढली. आमच्याकडे ही माती रिकाम्या पाटावर घालून घरी आणतात आणि घरात, गोठ्यात, परसाच्या चारी कोपऱ्यांत टाकतात. देव गेला तरी त्याची राखण मागे राहावी म्हणून. सासूबाईंनी काठावरच्या झाडाच्या मुळाशी हात घालून चांगली ओंजळभर काळी, ओली माती उकरली. तिच्यात बारीक पिवळसर पांढरे दाणे होते. भिजलेल्या साबुदाण्यासारखे.

‘‘बघ गो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘देवान रिकाम्या हातान नाय धाडल्यान.’’

त्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळलेला मी पाहिला आणि तेवढंच पाहिलं. दाण्यांकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर त्यांनी कोपऱ्यांत चिमूट चिमूट टाकली आणि उरलेली सगळी माती, दाण्यांसकट, मिरवेलींच्या बुंध्याशी वाटून घातली. मुलाच्या हातच्या झाडांना राखण जास्त हवी होती.

यंदा मिरगाचे दोन पाऊस झाले आणि त्या बाहेर आल्या.

आमच्याकडे गोगलगायी पूर्वीही होत्या. मोरीच्या कडेला बिनशंखाच्या, काळपट, भिजलेल्या पानासारख्या चिकटून बसणाऱ्या. त्यांना मी लहानपणापासून ओळखते. एखादं कोवळं रोप खातील, दिवसा कुठे तरी दडतील, त्यांचा आपला फारसा त्रास नाही. ह्या वेगळ्या होत्या. पाठीवर लांबट, तपकिरी पट्ट्यांचा शंख, आणि वाढता वाढता मुठीएवढ्या. उन्हाळाभर त्या चिऱ्यांच्या गडग्यातल्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीतल्या, फटींत झोपून होत्या. शंखाच्या तोंडावर स्वतःच्याच चिकट्याचा पापुद्रा लावून घेतात, तो वाळून दाराएवढा पक्का होतो, आणि आत जीव पाऊस येईपर्यंत नुसता पडून राहतो. खायला नको, प्यायला नको. आम्ही गडग्यावर बसून तांदूळ निवडले, कोकमं वाळवली, आणि त्या खाली होत्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी अळू खाल्लं, पडवळाचे वेल खाल्ले. मग तुळशीवृंदावनाचा चुना खरवडायला लागल्या. शंख वाढवायला त्यांना चुना लागतो, हे मला ठाऊक होतं. पण आपल्या दारातली तुळस अशी सोललेली पाहिली की माहिती बाजूला राहते. मग त्या माडांकडे वळल्या.

मी कृषी कार्यालयात फोन केला. तिथले साहेब अगदी पुस्तकी मराठीत म्हणाले, ‘‘ताई, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून ठेवा. सकाळी त्याखाली जमा झालेल्या गोगलगायी मिठाच्या द्रावणात टाका. अंडी दिसल्यास नष्ट करा.’’ मी विचारलं, अंडी कशी दिसतात? ते म्हणाले, ‘‘साबुदाण्यासारखी. मातीत, पुंजक्याने.’’

मी फोन ठेवला आणि तशीच ओट्यावर बसून राहिले. चहा उतू गेला.

सासूबाईंना मी काहीच सांगितलं नाही. गोणपाट मांडले, बादलीत मिठाचं पाणी केलं आणि रोज सकाळी शाळेत जायच्या आधी वेचायला लागले. त्याही वेचायच्या. पण त्यांच्या मनात भलतंच चाललं होतं, हे मला हळूहळू कळलं. सगळ्या वाडीत आमच्याच परसात हा प्रकार का? आणि परसातही मुलाच्याच वेलींवर का? त्यांनी देवळात जाऊन कौल लावला. देवाच्या अंगावर लावलेली पाकळी पडली ती डाव्या बाजूची. काही तरी चुकलंय, एवढंच त्यातून निघालं. काय चुकलं ते देव सांगत नाही.

मग त्या आपली चूक शोधायला लागल्या. कुठल्या साली कुणाला ताक दिलं नाही, कुठल्या जावेशी काय बोलल्या, सगळं बाहेर येऊ लागलं. रात्रीचं जेवण सोडलं. एकदा कुळीथ निवडता निवडता मान वर न करता म्हणाल्या, ‘‘माज्याच पापान तो गेलो असात. त्या पापान तेका खाल्ल्यान, आता झाडांका खाता.’’

ते मला सहन झालं नाही. मला वाटलं, खरं सांगितलं तर निदान पापाचं ओझं तरी उतरेल. मातीत अंडी असतात, अंड्यांतून पिल्लं निघतात, ह्यात पाप कुठे आलं? मी त्यांना हाताला धरून परसात नेलं, एका वेलीच्या बुंध्याशी माती उकरली. नवा पुंजका होता. त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, ‘‘आई, ह्यां बघा. गेल्या चतुर्थीक मातयेत हेच दाणे होते. पाप नाय नी बिप नाय. मातयेतसून इलीत ती.’’

त्या कितीतरी वेळ तळहाताकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, आता रडतील, मग हलक्या होतील. त्या रडल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावला, आणि मग बाहेर जाऊन मिठाच्या पाण्याची बादली गडग्यापलीकडे ओतून आल्या.

‘‘आई, ह्या काय केल्यात?’’

‘‘देवाच्या मातयेतसून इलीत म्हणतंस ना? मगे ती देवान धाडल्यान. तेंका मारूचा नाय.’’

मी कपाळावर हात मारून घेतला. मी समजावलं, ओरडले, पुन्हा समजावलं. वर्गात मी तास तास मुलांना समजावते, त्यांना कळतं किंवा निदान कळल्यासारखं दाखवतात तरी. सासूबाई दाखवतही नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने हिशोब सरळ होता. इतके दिवस त्यांना वाटत होतं की देव रागावला आहे. आता कळलं की देवाने काही तरी पाठवलं होतं आणि आपण ते मिठात घालून मारत होतो. हे जास्त वाईट होतं. मीच त्यांना ते दाखवलं होतं.

त्या दिवसापासून त्यांचं एकच काम झालं. सकाळी उजाडलं की सूप घेऊन परसात जायचं, वेलींवरच्या गोगलगायी हाताने अलगद सोडवायच्या, सुपात घालायच्या आणि गडग्यापलीकडच्या पडीक जागेत घाणेरीच्या झुडपांत नेऊन सोडायच्या. पाऊस असला तर डोक्यावर इरलं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे धरलेले, आणि ह्या खेपा. गोगलगाय झाडावरून ओढून काढायला सोपी नसते. तिला एकच पाय, पोटाखालचा तो सगळा मांसल पट्टा, आणि तो झाडाला असा धरून असतो की ओढताना चट आवाज येतो. सासूबाई ओढायच्या नाहीत. तिच्यापुढे बोट धरायच्या आणि ती बोटावर चढेपर्यंत थांबायच्या.

‘‘थंड लागता गो,’’ एकदा म्हणाल्या. ‘‘आणि पोटाखालसून लाटो आल्यासारख्या वाटता.’’

ते खरं आहे. त्या पायातून बारीक लाटा पुढे सरकतात, म्हणून ती चालते. वाटेत आपणच पुढे चिकटा सोडते आणि त्यावरून जाते, म्हणून काटा, काच, काही तिला लागत नाही. हे सगळं मी फळ्यावर काढलेलं. हाताला मात्र सासूबाईंनी लावून पाहिलं होतं.

आणि सोडलेल्या गोगलगायी परत यायच्या. सासूबाईंना त्या नव्याच वाटायच्या. मी म्हटलं, तुम्हाला पटत नाही ना, थांबा. शाळेतल्या एका कार्यक्रमासाठी आणलेलं लाल नखरंग घरात होतं. सुपातल्या सगळ्यांच्या शंखांवर मी एकेक ठिपका दिला. दोन सकाळींनी त्याच वेलीवर, त्याच उंचीवर, लाल ठिपका. मग दुसरा. मग पुष्कळ. गोगलगाय आपली दडायची जागा विसरत नाही, आपल्याच चिकट्याच्या वासावर माग काढत परत येते. ते दाखवायला मी सासूबाईंना ओढत नेलं. मला भांडण जिंकायचं होतं.

त्यांनी लाल ठिपके पाहिले. एका शंखावर बोट फिरवलं.

‘‘घराक परततत ती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जेची मी वाट बघतंय तो मात्र परतत नाय.’’

जिंकायचं राहिलं बाजूला. मी घरात आले आणि नळ सोडून उभी राहिले.

वेली एकेक करून गेल्या. गोगलगायीची जीभ किसणीसारखी असते, बारीक दातांच्या ओळीच्या ओळी. ती पान खाते ते ठीक, पान पुन्हा येतं. पण ह्या बुंध्याजवळची कोवळी साल गोल खरवडायच्या, आणि मग वरची सगळी वेल दोन-चार दिवसांत मान टाकायची. आठवड्याला एक जायची, कधी दोन. मी बुंध्यांभोवती चुन्याच्या रेघा ओढल्या, त्या पावसाने धुऊन नेल्या. राख टाकली, तिचा चिखल झाला. बुंध्याला तांब्याची तार गुंडाळली, तर वरून लोंबणाऱ्या झावळीवरून त्या उतरल्या. मालवणच्या बाजारातून विषाच्या गोळ्या आणल्या आणि त्या स्कूटरच्या डिकीतच राहिल्या. टाकणार कधी? सासूबाई दिवसभर तिथेच. आणि त्या नसत्या तरी टाकल्या असत्या का, मला खरंच सांगता येत नाही. एका बाजूला त्यांचा देव होता, दुसऱ्या बाजूला त्यांच्या मुलाच्या वेली, आणि दोन्हीकडून नुकसान सासूबाईंचंच होत होतं. त्यात मी कुठे उभी राहायचं होतं?

शाळेत माझं लक्ष लागेना. फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबायचा. वाचायला म्हणून मुलांना पान काढायला लावायची आणि खिडकीतून पावसाकडे बघत बसायची. पाऊस मला आवडत नाहीसा झाला. सगळी माणसं लावणीसाठी पाऊस मागत होती, आणि मी एकटी ऊन.

श्रावणात एकच वेल उरली. विहिरीच्या बाजूच्या माडावरची. आणि तिला तुरे आले. हिरवे, नाजूक, लोंबणारे, त्यांच्यावर मिरीचे बारीक ठिपके भरायला लागलेले. तीन पावसांनी मिरी धरेल हे त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. सासूबाई त्या तुऱ्यांना हात लावत नव्हत्या, नुसत्या बघायच्या. आता त्या दिवसातून चार वेळा खेपा घालत. जेवायलाही पायरीवरच बसत, वेल दिसेल अशा. म्हाळाला अजून बरेच दिवस होते. त्यातला प्रत्येक दिवस ओला होता.

एका दिवशी मी शाळेतून आले तेव्हा त्या पायरीवर बसल्या बसल्याच झोपी गेल्या होत्या, ताट मांडीवर. वेलीच्या बुंध्याशी तिघी-चौघी बसलेल्या. मी त्या ओरबाडून काढल्या आणि ओरडलेच, ‘‘आई, तुमका काय होया ता एकदा ठरवा! ह्यो होयेत की...’’ पुढचं मला बोलवलं नाही. त्या दचकून उठल्या, ताट खाली पडलं. कोंबड्या भात खायला धावल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता भांडी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नुकतं उजाडत होतं, भुरभुर पाऊस होता. मी चूल पेटवायला उठले तर सासूबाई स्वयंपाकघरात नव्हत्या. खड्या मिठाची बरणी जागेवर नव्हती. परसात आले तर त्या विहिरीजवळच्या माडाखाली उभ्या. पायाशी बादली, बादलीत पाणी, बरणी रिकामी आडवी पडलेली. सूप शेजारी, त्यात गोगलगायी शिंगं काढून इकडे तिकडे चाललेल्या. मी वाकून वेलीचा बुंधा बघितला. साल चहूबाजूंनी गेली होती. आतलं पांढरं दिसत होतं. वर पानं हिरवी होती, तुरे ताठ होते. त्यांना अजून कळलं नव्हतं. मला कळलं. सासूबाईंनाही कळलं होतं, इतक्या वेली त्यांनी जाताना पाहिल्या होत्या.

‘‘हंय उबी रव,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘माका गाऱ्हाणा घालूचा आसा.’’

आमच्याकडे देवाशी बोलायची ती रीत आहे. एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि भोवतीच्यांनी दर वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. गाऱ्हाणं पुरुष घालतात. देवळात, शिमग्याच्या मांडावर, चारचौघांत. बाईने घातलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि इथे भोवती म्हणायला मी एकटीच.

त्यांनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि त्यांचा आवाज एकदम मोठा, दणदणीत निघाला. शेजारच्या घरात ऐकू गेला असेल.

‘‘बा देवा म्हाराजा! तुजी माती मी माज्या हातान घराक हाडलंय.’’

‘‘होय म्हाराजा,’’ मी म्हटलं. आवाज निघाला नाही. त्यांनी वळून बघितलं. मी पुन्हा मोठ्याने म्हटलं.

‘‘तेच्यातसून जा इला ता तुजा म्हणान मी सांबाळलंय. माजा सगळा गेला तरी सांबाळलंय.’’

‘‘होय म्हाराजा.’’

‘‘आता मी ह्येंका मारतंय. तू थोड्या दिसांनी चतुर्थीक घराक येतलंस, त्येच्या आदी सांगतंय. मागसून सांगलंय असा म्हणा नको.’’

‘‘होय म्हाराजा.’’

‘‘ह्येचा पाप जा काय असात ता माज्या एकटेच्या माथ्यार घाल. ह्या चेडवाच्या माथ्यार नको. तेना लय सोसल्यान.’’

मला त्यांनी चेडू, म्हणजे मुलगी म्हटलं. पुढे काही दिसेना. तरी म्हटलं, होय म्हाराजा.

मग त्या थांबल्या. त्यांनी हात त्या माडाला लावला, वेलीच्या पानांवर, आणि आवाज खाली आला. देवाशी बोलत होत्या की माझ्याशी, कोण जाणे.

‘‘आणि माजो झील ह्या येलीत नाय म्हाराजा. तो मेलो.’’

पाऊस पडत होता. त्या वाट बघत राहिल्या. मी विज्ञानाची बाई, वेलींशी बोलणाऱ्या सासूबाईंना भांडी आपटून गप्प करणारी. तरी इतके महिने शाळेत जाताना आणि येताना सगळ्यात आधी मी त्या वेलींकडे बघत होते, आणि बघताना मनात त्यालाच सांगत होते, आले रे, निघाले रे. तो नाही, हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांपुढे नाही, स्मशानातून परतलेल्या माणसांपुढेही नाही.

‘‘म्हण गो,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘तू म्हटल्याबिगर गाऱ्हाणा पुरा जायत नाय.’’

त्यांचा हात ओला, मातीने भरलेला होता. तो त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला.

‘‘होय म्हाराजा,’’ मी म्हटलं.